भाडेकरूची पारख आणि घरमालकाचे देणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही बोनस, ठेकेदारी किंवा संप यांपैकी कशावर तरी बोलू. कामगार संघटनेत केस पिकलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायला मिळणार? पण आम्ही विषय निवडला तो घरभाड्याचा. त्याचे कारण सोपे आहे. कामगार आठ तास कारखान्यात असतो आणि उरलेले सोळा तास बाहेर. त्या आठ तासांसाठी करार होतात, वाटाघाटी होतात, प्रसंगी कोर्टकचेरी होते. उरलेल्या सोळा तासांचा करार मात्र घराच्या दारात उभ्या उभ्या, पाच मिनिटांत आणि बहुधा तोंडी होतो. त्या पाच मिनिटांत काय विचारले जाते आणि काय विचारले जावे, एवढाच आजचा विषय आहे.

समोर बसलेल्यांत घरमालकही आहेत आणि भाडेकरूही आहेत, हे आम्ही जाणून आहोत. एकाला शिव्या घालून दुसऱ्याच्या टाळ्या घेणे अवघड नाही. परंतु आपल्या नगरात घरमालक म्हणजे कोणी गडगंज जमीनदार, असे चित्र क्वचितच असते. एसटीतून निवृत्त झालेला वाहक फंडाच्या पैशातून वरचा मजला चढवतो आणि दोन खोल्या भाड्याने देतो. नवरा गेल्यावर एखादी बाई पुढची खोली देऊन मुलांची शिक्षणे पार पाडते. सावेडीत, केडगावात, बोल्हेगावात, भिंगारमध्ये अशी शेकडो घरे आहेत. या माणसांचे भाडे म्हणजे नफा नव्हे, ते त्यांचे पेन्शन आहे. तेव्हा ‘घरमालक’ हा शब्द उच्चारताना आमच्या डोळ्यांपुढे हा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता दुसरी बाजू. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सुप्याला, श्रीरामपूरला कामासाठी माणसे येतात. कोणी पाथर्डी, जामखेडहून येतो, कोणी बीड, परभणीहून, कोणी बिहार, उत्तर प्रदेशातून. राहुरीच्या कृषी विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत विद्यार्थी येतात. लष्कराच्या केंद्रामुळे जवानांची कुटुंबे येतात. या प्रत्येकाला पहिल्या दिवशी लागते ती जागा. आणि जागा मागायला गेल्यावर प्रश्न येतात. नाव काय? आडनाव काय? गाव कोणते? नोकरी कायम की ठेक्यावर? लग्न झाले आहे का? माणसे किती? मटण-मासे खाता का? रात्रपाळी असते का? पाहुणे फार येतात का?

या प्रश्नांची उत्तरे देऊन झाली की पुष्कळ वेळा एक ठरीव वाक्य ऐकू येते. “अहो, जागा कालच दिली.” आणि दारावरची ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे महिनाभर तशीच लोंबकळत राहते.

मित्रहो, घरमालकाने चौकशी करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. आपले घर, आपली चीजवस्तू, आपल्या लेकीबाळी ज्या छपराखाली आहेत तिथे परका माणूस आणून ठेवायचा तर तो कोण, कुठला, भाडे देईल की नाही, हे पाहिलेच पाहिजे. आमचे म्हणणे असे आहे की, चौकशी निराळी आणि चाळणी निराळी. चौकशीने माणसाची वागणूक कळते. चाळणी माणूस पाहतच नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहते आणि त्याला खाली पाडते.

ही चाळणी आली कुठून? केवळ घरमालकाच्या दुष्टपणातून ती आली, असे म्हणणे खरे होणार नाही. तिला थोडा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. दुसऱ्या युद्धानंतर, फाळणीच्या वर्षी, १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरले. गिरणगावातल्या कामगाराला या कायद्याने रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. घरमालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही आणि दोघांच्या मध्ये पागडी नावाची काळ्या पैशाची वाट तयार झाली. पुढे काही मालक भाड्याऐवजी परवान्यावर, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा देऊ लागले, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा परवान्यावर राहत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतक्या जुन्या दराला भाडी बांधून ठेवणे आता न्याय्य राहिलेले नाही. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या ऐंशी वर्षांनी घरमालकाच्या मनात एक धडा कोरला गेला. एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही. आणि ज्याला बाहेर काढता येत नाही, त्याला आत घेतानाच अडवावे लागते. जी भीती कोर्टाच्या दारात मिटायला हवी होती ती घराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणून तर बँकेतला माणूस, लष्करातला माणूस, बदलीची नोकरी असलेला माणूस घरमालकाला आवडतो. त्याचा पगार ठरलेला असतो हे एक कारण, आणि तो एक दिवस जाणार हे दुसरे. ज्याला या गावात कायमचे राहायचे आहे तोच अधिक संशयित ठरतो, असा हा उलटा न्याय आहे.

परंतु हा धडा आता जुना झाला आहे. १९९९ च्या कायद्याने परवान्यावर राहायला दिलेल्या घराची मुदत संपली की, घर परत मागण्याचा स्पष्ट हक्क मालकाला दिला आहे. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम मागता येते. अट एवढीच की, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला. महाराष्ट्रात तो समज आता चालत नाही. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची असो, नोंदणी हवीच.

आमच्या पाहण्यात असे घरमालक पुष्कळ आहेत की, जे भाडेकरूची जात तीन ठिकाणी विचारून खात्री करून घेतात आणि करार मात्र स्टँपवर लिहून कपाटात ठेवतात. म्हणजे ज्याने घर सुरक्षित होते ते करायचे नाही आणि ज्याने होत नाही ते कसोशीने करायचे.

पोलिसांचेही तसेच. पुष्कळ ठिकाणी पोलिसांचा आदेश निघतो की, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या. ती द्यावी, आम्ही कामगारांनाही हेच सांगतो. ओळखपत्राची प्रत आणि फोटो द्यायला कोणी लाजू नये. पण माहिती देणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. अमक्या धर्माचा किंवा अमक्या प्रांताचा माणूस ठेवला तर पोलीस त्रास देतील, ही सबब खरी नाही.

आता त्या चाळणीकडे वळू. तिची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या माणसाच्या आयुष्यात घडली. १९१७ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांच्या खर्चाने शिकलेला, महाराजांच्या कचेरीतला अधिकारी, पण शहरात राहायला जागा नाही. पारशांच्या एका वसतिगृहात त्यांनी पारशी नाव सांगून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली दहाबारा माणसे दाराशी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेली. मदतीसाठी त्यांनी दोन मित्रांना विचारले. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेब एका बागेत काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या हकिकतीत काठीवाल्यांपेक्षा आम्हांला त्या दोन मित्रांचा विचार अधिक करावासा वाटतो. ते दुष्ट नव्हते. दोघेही सुशिक्षित होते. दोघांनीही ‘नाही’ म्हटले नाही. दोघांनी दुसऱ्याचे नाव पुढे केले. आज शंभर वर्षांनंतर दारात ऐकू येणारी वाक्ये तीच आहेत. “आमचे काही नाही हो, पण सोसायटीतले लोक…” “आमचे काही नाही, पण आईला चालत नाही.”

कायदा काय म्हणतो? अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने संपवली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरवला. परंतु पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या खासगी घराचा नाही. आणि २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा पोटनियम वैध मानला. अमेरिकेत आणि इंग्लंडात १९६८ साली घरे विकताना आणि भाड्याने देताना वंशभेद करण्याविरुद्ध कायदे झाले. अमेरिकेच्या कायद्याने, मालक स्वतः जिथे राहतो आणि चारांपेक्षा अधिक बिऱ्हाडे नाहीत अशा लहान घराला काही सूट दिली. पण तिथेही भेदभावाची जाहिरात लावायला मनाई केली. म्हणजे स्वतःच्या माजघरापुरती माणसाची आवडनिवड त्यांनी समजून घेतली, पण बाजारात मांडलेल्या जागेला बाजाराचा सरळ नियम लावला. आपल्याकडेही हा फरक करायला हरकत नसावी. शिवाय कायदा कितीही कडक केला तरी ‘जागा कालच दिली’ या वाक्यावर खटला कसा चालवणार? तेव्हा या प्रश्नात कायद्याच्या पुढचा भाग समाजाला स्वतःच सोडवावा लागेल.

चाळणीला एक खोड असते. ती आज एकासाठी वापरली की उद्या दुसऱ्यासाठी वापरली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईंना त्या मराठी आहेत म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले. साऱ्या महाराष्ट्राला राग आला आणि तो योग्यच होता. परंतु त्या रागावलेल्यांपैकी किती जणांच्या स्वतःच्या दारावर तशीच चाळणी टांगलेली होती? आणखी एक उदाहरण घ्या. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी देशाने डॉक्टर आणि परिचारिकांसाठी टाळ्या वाजवल्या. दोनच दिवसांनी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील निवासी डॉक्टरांना गृहमंत्र्यांकडे पत्र पाठवावे लागले की, घरमालक डॉक्टरांना घराबाहेर काढत आहेत. एरवी ‘डॉक्टर भाडेकरू’ म्हणजे घरमालकाच्या दृष्टीने पहिल्या प्रतीचा. भीतीचे कारण बदलले आणि पहिल्या प्रतीचा माणूस रातोरात चाळणीतून खाली पडला.

त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्र सरकारने आदेश काढला की, मजुरांकडे महिनाभर भाडे मागू नये आणि मजूर व विद्यार्थी यांना घराबाहेर काढणाऱ्यांवर कारवाई करावी. एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना दिली. घरमालकाला सामाजिक जबाबदारी आहे, हे सरकारने त्या वेळी उघड सांगितले. मात्र ज्या विधवा बाईचे पोट त्या भाड्यावर होते तिच्या तीन महिन्यांचे काय, हे कोणी सांगितले नाही. जबाबदारी एकट्यादुकट्या घरमालकाच्या गळ्यात घालून समाज मोकळा होऊ शकत नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

आता आमच्या स्वतःच्या क्षेत्राकडे येतो. घरमालक विचारतो, “पगाराची पावती दाखवा.” हा प्रश्न जातीचा नाही, धर्माचा नाही. आम्ही त्याला रास्त मानतो. पण ठेकेदाराकडे राबणाऱ्या मुलाला ती पावती मिळते का? त्याचा ठेकेदार सहा महिन्यांनी बदलतो, कारखाना एकच राहतो. त्याच यंत्रावर चार वर्षे काम करूनही तो कागदावर नवखाच. कागद नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून पुढचा कागद नाही. एका खोलीत आठ आठ जण राहतात आणि मग शेजारी म्हणतात, ही माणसे अशीच. माणसे अशी नसतात, नोकरी अशी असते. घरमालकाला भरवशाचा भाडेकरू हवा असेल तर त्याने ठेकेदारीविरुद्ध आमच्याबरोबर उभे राहिले पाहिजे. आमच्या आठ तासांचा आणि त्याच्या दोन खोल्यांचा संबंध इथे येतो.

स्थलांतरित कामगाराला राहायला योग्य जागा देण्याची जबाबदारी १९७९ च्या आंतरराज्य कामगार कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. ती कितपत पाळली गेली हे आपल्या औद्योगिक वसाहतींभोवती एक चक्कर मारली की समजते. आणि ऊसतोड कामगाराची तर गोष्टच निराळी. हंगामात पाथर्डीची, बीडची जोडपी कारखान्याच्या कडेला कोपी घालून राहतात. त्यांना कोणी भाडे विचारत नाही, कारण त्यांना घरच कोणी देऊ करत नाही. आशिया खंडातील पहिल्या सहकारी साखर कारखान्यांत ज्याचे नाव घेतले जाते तो प्रवरेचा कारखाना आपल्या जिल्ह्यातला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे शेतकऱ्याला मालक केले. त्या उसाला कोयता लावणाऱ्याच्या छपराचा प्रश्न सहकाराच्या वहीत अजून शिल्लक आहे.

काय करता येते याचे एक उदाहरण शेजारच्या सोलापूरने दिले आहे. विडी वळणाऱ्या बायकांचे घर हाच त्यांचा कारखाना. तंबाखूचा वास, पानांचे भिजवणे, यामुळे भाड्याने खोली मिळणे कठीण. आपल्या नगरच्या आणि संगमनेरच्या विडी कामगार भगिनींना हे नव्याने सांगायला नको. सोलापूरला नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी सहकारी संस्था काढली, गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आणि कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली ती घरे कामगारांच्या ताब्यात आली. त्यापुढच्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. ज्यांना दोन खोल्यांसाठी दारोदार नाकारले जात होते त्यांनी गाव वसवले. पण प्रत्येक शहरात हे लगेच होणार नाही आणि तोवर माणसांना भाड्यानेच राहायचे आहे.

म्हणून आम्ही काही साध्या सूचना करतो. घरमालकाने प्रश्न जरूर विचारावेत, पण सर्वांना तेच विचारावेत. भाडे किती देऊ शकता, किती दिवस राहणार, किती माणसे राहणार, आधीच्या मालकाचा दाखला आहे का, ओळखपत्र काय आहे, एवढे पाच पुरे आहेत. ताटात काय आहे आणि देव्हाऱ्यात कोण आहे हे विचारण्याचे कारण नाही. करार नोंदवावा. प्रत्येक महिन्याची पावती द्यावी. अनामत माणसाला झेपेल एवढी घ्यावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, ती राज्याने सक्ती करेपर्यंत थांबायचे कारण नाही. आणि वाद झाला तरी पाणी किंवा वीज तोडू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी ते शोभले नसते.

भाडेकरूंनाही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ठरलेल्या तारखेला भाडे द्या. पोटभाडेकरू ठेवू नका. मुदत संपली की शब्दाप्रमाणे जागा सोडा. एक भाडेकरू जागा अडवून बसतो तेव्हा तो त्या मालकाला फसवतोच, पण त्याच्या मागून येणाऱ्या दहा गरजूंची दारेही बंद करतो.

आणि शहराला आमची विनंती आहे. हा पतसंस्थांचा जिल्हा आहे. कामगारांच्या पतसंस्थांनी अनामतीपुरते छोटे कर्ज द्यावे. कामगार संघटनांनी आपल्या सभासदाला ओळखीचे पत्र द्यावे आणि त्याच्या वागणुकीची हमी घ्यावी. ठेकेदार जो कागद देत नाही तो आपण देऊ. एक घरमालक, एक भाडेकरू आणि एक निवृत्त वकील अशी तिघांची समिती बसली तर निम्मे वाद कोर्टाबाहेर मिटतील. मुंबईत कोकणातल्या गावकऱ्यांनी गावकीच्या खोल्या चालवल्या, गोव्याच्या खलाशांनी गावोगावचे कूड चालवले. त्यांनी आपापल्या गावच्या माणसाला छप्पर दिले. आपल्याला एक पाऊल पुढे टाकायचे आहे, कारण आपल्या दारात उभा असलेला माणूस आपल्या गावचा नसणार.

२०२४ साली या जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीच्या या लेकीने देशभर धर्मशाळा आणि घाट बांधले. घाट आणि धर्मशाळा या वाटसरूच्या सोयी आहेत, घरच्या माणसांच्या नव्हेत. त्याआधी सात शतके, ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते त्यांना याच जिल्ह्यातल्या नेवाशात बसायला जागा मिळाली. एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ सांगितला अशी परंपरा आहे आणि त्या खांबाला आपण पैस म्हणतो. नेवाशाने त्या दिवशी आडनाव आणि दाखला मागितला असता तर मराठीचे काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. घरी जाऊन आपल्या दारावरची पाटी एकदा पाहावी आणि उद्या जो कोणी ती वाचून कडी वाजवील त्याला पाचच प्रश्न विचारावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.